रेव्हरंड ना. वा. टिळक : धर्मांतरानंतरचे आत्मपरीक्षण

नारायण वामन टिळकांच्या चरित्राचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने 1895 च्या धर्मांतरावर खिळून राहते. ही घटना महत्त्वाची आहे हे खरे. परंतु ख्रिस्ती झाल्यानंतर आपण ख्रिस्ताचे शिष्य आहोत काय, हा प्रश्न त्यांनी पुढील चोवीस वर्षे स्वतःला ज्या सातत्याने विचारला, त्याची दखल त्यामानाने कमी घेतली गेली आहे. टिळकांच्या कवितेचे मर्मही या प्रश्नाशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते.

टिळकांचा जन्म 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथील चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. नाशिकच्या वास्तव्यात त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. 1880 मध्ये जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी, म्हणजेच पुढील काळातील लक्ष्मीबाईंशी, त्यांचा विवाह झाला. एके ठिकाणी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. पत्नीस न कळविता ते घराबाहेर पडत. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले. जन्मावरून माणसाची प्रत ठरविणारा धर्म त्यांना या काळातच असह्य होऊ लागला होता. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, ही हकीकत सर्वपरिचित आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो विधी परदेशी मिशनऱ्याच्या नव्हे, तर भारतीय धर्मोपदेशकाच्या हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढील संघर्षाचे बीज या आग्रहात दिसते.

या निर्णयाची किंमत मात्र केवळ त्यांनीच मोजली असे नाही. लक्ष्मीबाई चार वर्षांहून अधिक काळ त्यांच्यापासून दूर राहिल्या. सत्यासाठी सर्वस्वाचा त्याग करणारा पुरुष ज्या सर्वस्वाचा त्याग करतो, त्यात दुसऱ्याचे आयुष्यही असते, हा प्रश्न टिळकचरित्रकारांनी पुरेसा गांभीर्याने घेतलेला नाही. पती-पत्नी पुन्हा एकत्र आल्यावर टिळकांनी लक्ष्मीबाईंवर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. त्यांचे सोवळे त्यांना पाळू दिले. जातिभेद लक्ष्मीबाईंनी आपल्याच विचाराने टाकला आणि 1900 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. स्वतःच्या श्रद्धेविषयी इतका उत्कट असलेला माणूस दुसऱ्याच्या श्रद्धेपुढे थांबू शकला, ही बाब त्यांच्या आचरणातील परिपाकाची निदर्शक होय. पुढे बालकवी ठोंबरे अहमदनगरला त्यांच्या घरी राहिले, तेही आपला धर्म राखूनच.

अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर केंद्रात टिळकांनी अध्यापन केले, कीर्तने केली. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. बाह्यतः हा उत्कर्षाचाच काळ. परंतु आपण ख्रिस्ताची सेवा करतो की पगार देणाऱ्या संस्थेची, ही शंका त्यांना सोडीत नव्हती. परदेशी मिशन आणि देशी मंडळी यांच्या संबंधांवर त्यांनी टीका केली, तरी त्या व्यवस्थेचे एक वेतनभोगी अंग आपणही आहोत, याची त्यांना पुरती जाणीव होती. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. 'अभंगांजली'तील रचनांमध्ये मिशनच्या परिभाषेपेक्षा वारकरी संतांची आर्तता अधिक आहे. त्यांतील भक्त देवाशी बोलताना स्वतःच्या अहंकाराचीच झडती घेतो. अभंगाचा छंद त्यांनी केवळ प्रचाराच्या सोयीसाठी निवडला, हे मत म्हणूनच अपुरे वाटते. स्वतःला दोष देण्याची भाषा मराठीत ज्या परंपरेने घडविली, तिच्याखेरीज त्यांना दुसरी भाषा जवळची नव्हती.

1917 मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास राहून 'देवाचा दरबार' या नावाने नवी मांडणी सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी एका बंधुभावात यावेत, ही तीमागील कल्पना होती. बाप्तिस्म्यासाठी स्वतः घरदार सोडलेल्या माणसाने बाप्तिस्म्याची सीमारेषा ओलांडण्यास सिद्ध व्हावे, यात काहींना विसंगती दिसली. वस्तुतः जातीची भिंत ओलांडून आलेल्या टिळकांना चर्चचीही भिंत होऊ शकते, हे उमगले होते. 'दरबारा'ला स्थिर रूप येण्याइतका अवधी मात्र मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

टिळकांनी आपला देशाभिमान, आपली उपजीविका, आपले पाळकपण यांची कठोर परीक्षा घेतली. संसारातील वर्तनाची परीक्षा मात्र त्यांच्या हातून त्याच काटेकोरपणे झाली असे दिसत नाही. घरात धान्य आहे की नाही हे न पाहता हातचे देऊन टाकणारा, क्षणात संतापणारा आणि क्षणात विरघळणारा हा गृहस्थ आपल्याला भेटतो तो 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रां'त. लक्ष्मीबाईंनी तेथे तक्रार केलेली नाही आणि पतीला संतपदीही बसविलेले नाही. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. त्यामुळे 'अभंगांजली'चा अभ्यास करताना 'स्मृतिचित्रे' शेजारी उघडी असणे आवश्यक ठरते.