हुजूरपागेच्या इरावतीबाई बर्लिनमध्ये

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा आग्रह झाला तेव्हा माझ्या मनात पहिलं नाव आलं ते आपल्या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं, इरावती कर्वे यांचं. ‘युगान्त’ आपण बहुतेकींनी वाचलं आहे. पण तरुणपणी त्या शिकायला जर्मनीला गेल्या होत्या आणि तिथे एका कठीण परीक्षेला उतरल्या होत्या, हे मला बरंच उशिरा कळलं. ती गोष्ट सगळ्याजणींना सांगावीशी वाटते.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीवरून मुलीचं नाव इरावती ठेवलं. सात वर्षांची असताना तिला समुद्र ओलांडून पुण्याला आपल्या हुजूरपागेत शिकायला पाठवलं. शाळेत तिची शकुंतला परांजपे यांच्याशी गट्टी जमली आणि रँग्लर परांजप्यांनी या मुलीला आपल्या घरची लेक करून घेतलं. त्या घरात पुस्तकं होती आणि मोकळेपणाने वाद घालायची सवय होती. सातव्या वर्षी घर सोडलेल्या मुलीला दुसरं घर मिळालं ते शाळेतल्या मैत्रीमुळे. आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे १९२६ मध्ये त्या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ मध्ये एम. ए. केलं. दरम्यान रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी लग्न झालं, म्हणजे त्या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई झाल्या. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केली होती. बायकोनेही तिथे जावं, ही त्यांची इच्छा. आश्चर्य असं, की ज्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, त्या अण्णांनाच सुनेने परदेशी जाणं पसंत नव्हतं. तरी जायचं ठरलं. पैशाची अडचण डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जामुळे सुटली आणि १९२८ च्या अखेरीस, जेमतेम तेवीस वर्षांच्या इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनच्या डालेम भागात मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन या विषयांची कैसर विल्हेल्म संस्था १९२७ मध्येच सुरू झाली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून त्यांनी नाव मिळवलं होतं. वंशावंशांत उच्चनीच भेद असतो, हे त्यांचं पक्कं मत होतं. माणसाची कवटी उजवी-डावीकडे अगदी सारखी नसते. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीत हा फरक जास्त असावा आणि तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण असावा, अशी त्यांची कल्पना होती. ती तपासण्याचं काम आलं या भारतीय विद्यार्थिनीकडे.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. कोणाच्या तरी आईबापांच्या, लेकरांच्या कवट्या, त्यांच्या माणसांना न विचारता उचलून आणलेल्या. एकेक हातात घ्यायची, मापं घ्यायची, नोंदवायची. प्रबंध लिहायचा तो परक्या जर्मन भाषेत.

मोजमाप संपलं तेव्हा आकड्यांनी गुरूंची बाजू घेतली नाही. कवटीची असमानता सगळीकडे सापडत होती, वंशाशी तिचा संबंध दिसत नव्हता. मी सॉफ्टवेअरवाली असल्यामुळे रोज आकड्यांशी माझी गाठ पडते. साहेबांना हवं ते उत्तर निघालं नाही की खोलीत कशी शांतता पसरते, ते मला माहीत आहे. तिथे तर पदवी त्याच गुरूंच्या हातात होती, डोक्यावर कर्ज होतं, घरी सासऱ्यांची नाराजी होती. थोडी गोलमोल भाषा वापरली असती तर कोणाला कळलंही नसतं. इरावतीबाईंनी जे दिसलं तेच लिहिलं. फिशर यांनी श्रेणी कमी दिली, पण १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्या पुण्याला परतल्या.

पुढे १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेतल्या वंशविचाराचा नाझींनी आधार घेतला. महायुद्धाच्या काळात ऑशविट्झच्या छळछावणीतून मानवी अवयवांचे नमुने याच संस्थेकडे तपासणीला येत होते. हे सगळं वाचलं की त्या प्रबंधाचं मोल लक्षात येतं.

इरावतीबाईंना मात्र देव्हाऱ्यात बसवायला नको. डोकी आणि शरीरं मोजण्याची बर्लिनमधली पद्धत त्यांनी इथे आल्यावरही पुष्कळ वर्षं वापरली. पण नुसत्या मापांवर त्या थांबल्या नाहीत. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात शिकवता शिकवता त्या गावोगाव हिंडल्या, लोकांशी बोलल्या, नाती समजून घेतली. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. मराठीत ‘परिपूर्ती’ आणि ‘युगान्त’ आले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

आज आपल्यापैकी अनेकींची मुलं जर्मनीत, अमेरिकेत शिकायला निघाली आहेत. बॅगेत मसाले, लोणची आपण भरतोच. त्यांना इरावतीबाईंची ही गोष्टही जरूर सांगा. गुरूंकडून पद्धत शिकावी, मेहनत शिकावी, पण आपल्या डोळ्यांना दिसलेलं त्यांच्यासाठी बदलू नये. डालेममधली ती इमारत अजून उभी आहे. आता तिथे बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी शिकतात.