मुमताज महल आणि ३० तासांच्या कळा

ताजमहाल तुम्ही फोटोत तरी पाहिलाच असेल. तो जिच्यासाठी बांधला ती मुमताज महल बाळंतपणात गेली, तीही आग्र्यात नव्हे, आपल्या जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या बऱ्हाणपुरात.

तिचं मूळ नाव अर्जुमंद बानू, जन्म १५९३ चा. १६१२ मध्ये शाहजादा खुर्रमशी, म्हणजे पुढच्या शाहजहानशी तिचं लग्न झालं. त्यानंतरच्या १९ वर्षांत १४ बाळंतपणं झाली. त्यातली सातच मुलं मोठी झाली. नवरा मोहिमेवर निघाला की तीही सोबत असे, दिवस गेलेले असले तरी. १६३१ मध्ये दख्खनच्या मोहिमेसाठी बादशहाचा मुक्काम बऱ्हाणपुरात होता. तिथे जूनमध्ये तिला कळा सुरू झाल्या. त्या सुमारे ३० तास चालल्या असं सांगतात. मुलगी झाली. त्यानंतर लवकरच आई गेली. वय अवघं ३८. कारण सांगितलं जातं ते बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं.

तुम्ही म्हणाल, तेरा वेळा बाळंत झालेली बाई चौदाव्या वेळी कशी अडली? पहिलं बाळंतपण अवघड, पुढची आपोआप होतात, हा समज बाह्यरुग्ण विभागात आम्ही रोज ऐकतो. दुसरं-तिसरं बाळंतपण बहुधा लवकर होतं हे खरं. म्हणूनच ते लांबलं तर जास्त सावध व्हायचं. बाळ आडवं असू शकतं, मोठं असू शकतं. पाच किंवा जास्त बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय सैल पडलेलं असतं, आणि तासन् तास कळा देऊन ते आणखी थकतं. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आकसलं, तरच आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन रक्त थांबतं. ते आकसलं नाही, तर थोड्या वेळातही जिवावर बेतेल इतकं रक्त जातं. आज बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते याचसाठी. मुमताजच्या हकिमांकडे ते नव्हतं. रक्त चढवण्याची सोयही नव्हती.

बाळालाही धोका असतोच. प्रत्येक कळेत त्याचा रक्तपुरवठा थोडा कमी होतो. फार वेळ असं चाललं तर प्राणवायू कमी पडतो, बाळ पोटातच शी करतं, जन्मल्यावर रडत नाही. पाणी जाऊन बराच वेळ झाला असेल तर आईला आणि बाळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. मुमताजची ती मुलगी, गौहरआरा, मात्र १७०६ पर्यंत जगली.

मग किती वेळ म्हणजे जास्त? गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून पहिलटकरणीला साधारण १२ तास आणि पुढच्या खेपेला १० तास, याहून जास्त वेळ सहसा लागत नाही. पण हे मोजमाप दवाखान्यात होतं, घरी नाही. त्यामुळे नियमित कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, की निघायचं. बुटीबोरीहून नागपूरचं मेडिकल किंवा डागा रुग्णालय साधारण ३० किलोमीटरवर आहे, आणि वर्धा रोडवर ट्रकांची गर्दी तुम्हाला ठाऊकच आहे. १०२ किंवा १०८ ला लवकर फोन करा. हिमोग्लोबिन आधीच तपासून घ्या, आणि रक्तगटाचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा.