मातीतून मोटार

मुलांनो, रस्त्याने धावणाऱ्या मोटारी तुम्ही रोज पाहता. त्या पत्र्याच्या, काचेच्या आणि रबराच्या असतात. पण कितीतरी मोटारींचा आकार आधी मातीत घडवला जातो, हे तुम्हांला माहीत आहे का? ही रीत मोठ्या कारखान्यात रुजवणारे गृहस्थ म्हणजे हार्ले अर्ल.

अर्ल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ रोजी अमेरिकेतील हॉलिवूड येथे झाला. त्यांचे वडील घोडागाड्या बनवत. पुढे मोटारी आल्या, तेव्हा ते मोटारींचे सांगाडे बनवू लागले. हार्ले शिक्षण अर्धवट सोडून वडिलांच्या कामात शिरले. चित्रपटांतील नट त्यांच्याकडून आपल्या आवडीच्या मोटारी बनवून घेत.

त्या काळी इतर कारागीर लाकूड आणि पत्रा ठोकून नमुना करत. त्यात चूक झाली, तर सगळी मेहनत वाया जाई. अर्ल मात्र नमुना मातीचा करत. ही माती कुंभाराच्या मातीसारखी नसते. तिच्यात मेण आणि तेल मिसळलेले असते. ऊब दिली की ती मऊ होते, थंड झाली की घट्ट होते. ती लाकडी सांगाड्यावर थापतात आणि पात्यांनी खरवडून गुळगुळीत करतात. एखादा भाग आवडला नाही, तर तेवढाच काढून पुन्हा थापता येतो.

जनरल मोटर्स कंपनीचे एक अधिकारी लॉरेन्स फिशर यांनी हे काम पाहिले. त्यांनी अर्ल यांना डेट्रॉइट शहरात बोलावले. तेथे अर्ल यांनी घडवलेली लासाल ही मोटार १९२७ साली बाजारात आली. ती लोकांना फार आवडली. मग कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी मोटारींच्या रंगरूपासाठी एक वेगळा विभाग काढला आणि तो अर्ल यांच्या हाती दिला.

पण सुरुवात सोपी नव्हती. १९२९ सालच्या ब्यूक मोटारीच्या बाजूला अर्ल यांनी हलकासा फुगवटा दिला होता. कारखान्यात मात्र बाजूचे पत्रे खालून अधिक आत घेतले गेले आणि मोटारीची उंचीही पाच इंचांनी वाढली. मातीत सुंदर दिसणारी मोटार पत्र्यात बेढब झाली. लोकांनी तिची थट्टा केली. विक्री घटली. अर्ल यांना फार राग आला, पण त्यांनी काम सोडले नाही. नमुना सुंदर असून भागत नाही; तो कारखान्यात तसाच उतरतो की नाही, हेही पाहावे लागते, हे त्यांनी ओळखले.

१९३८ साली त्यांनी वाय-जॉब नावाची मोटार बनवली. ती विकण्यासाठी नव्हती. पुढच्या मोटारी कशा असतील, हे दाखवण्यासाठी होती. १९४८ सालच्या कॅडिलॅकला विमानासारखे छोटे पंख आले. १९५३ साली कॉर्व्हेट आली. दरवर्षी नवे रूप दिल्यामुळे लोक चांगल्या मोटारी लवकर बदलू लागले, अशी टीकाही त्यांच्यावर झाली. ती खोटी नव्हती.

अर्ल १९५८ साली निवृत्त झाले. १० एप्रिल १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

आज मोटारीचे चित्र संगणकावर काढतात. तरीही अनेक ठिकाणी खऱ्या मापाची मातीची मोटार करतातच. तिच्यावरून हात फिरवला, उजेडात ती चहूबाजूंनी पाहिली, की पडद्यावर न दिसलेला दोष लक्षात येतो. मातीतला दोष पात्याने निघतो. पोलादात उतरलेला दोष काढणे महाग पडते. म्हणून मुलांनो, कोणतेही काम पक्के करण्याआधी ते नीट पारखून घ्या. बदल करणे सोपे असते, तेव्हाच तो करावा.