बहिणाबाईंची गाणी अहिराणीत नाहीत. मग कोणत्या बोलीत?

धुळ्यात घराघरांत अहिराणी ऐकू येते, म्हणून बहिणाबाई चौधरींची गाणीही अहिराणीतलीच, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ती लेवा गणबोलीतली. धुळेकराने एखादे मोठ्याने वाचून पाहावे, फरक कानालाच कळतो.

१८८० मध्ये जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. तिशीतच वैधव्य आले. शेतात राबताना, जात्यावर दळताना गाणी सुचत. मुलगा कवी सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी टिपून घेतली तेवढी उरली. बाकीची १९५१ मध्ये बहिणाबाईंसोबतच गेली. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह आला.

२०१८ पासून धुळे, जळगाव, नंदुरबारच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. घरात मात्र मुलांशी प्रमाण मराठीच बोलली जाते. लेवा गणबोलीची ओळख अनेकांना होते, ती याच संग्रहातून.