प्रा. लक्ष्मी नरसू : विज्ञान शिकवणारा बौद्ध

दर पंधरा दिवसांनी व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरत येतो, की तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच अणू सांगून ठेवला होता. आपली मुलं तो अभिमानाने पुढे पाठवतात. मला तेव्हा मद्रासचे प्रा. पी. लक्ष्मी नरसू आठवतात.

कॉलेजात विज्ञान शिकवणारा हा माणूस मनाने पक्का बौद्ध होता. १८९८ मध्ये पंडित अयोथीदासांनी मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ उभा केला, त्या चळवळीत नरसू होते. दोघांचा पिंड मात्र वेगळा. अयोथीदास तमिळ परंपरेत, सणावारांत हरवलेला बौद्ध इतिहास शोधत, तर नरसू प्रत्येक गोष्ट बुद्धीला पटते का ते पाहत. १९०७ साली त्यांचा 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' हा ग्रंथ आला. त्यात एक प्रकरण जातीवर आहे आणि एक मृत्यूनंतर काय, यावर.

खरी कसोटी इथेच होती. शरीराबाहेरचा आत्मा विज्ञान मानत नाही आणि तथागतांनीही अनात्मच सांगितला. मग पुनर्जन्म कोणाचा? नरसूंनी ही अडचण झाकून ठेवली नाही. एका देहातून दुसऱ्या देहात जाणारं काही नसतं, पण माणसाची कृती त्याच्यासोबत मरत नाही. ती मुलाबाळांत, समाजात, पुढच्या पिढ्यांत उतरते, असा कर्माचा अर्थ त्यांनी लावला. पारंपरिक भिक्खूंना तो सहसा पटणार नाही, हेही खरं.

पण या अर्थाने काय होतं बघा. मागच्या जन्मीच्या पापामुळे खालच्या जातीत जन्म मिळतो, या समजुतीचा पायाच निखळतो. वस्तीत काम करताना एक आई मला अपंग लेकराबद्दल म्हणाली, मागच्या जन्मीचं फेडतेय. मागे भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो होते. आपण विहारात काय शिकवतो, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळतो.

विज्ञान आलं की जात आपोआप जाईल, अशा भ्रमातही नरसू नव्हते. जात खोटी आहे हे तर्काने दाखवता येतं, पण ती सोडायला मैत्री आणि शील लागतं, म्हणून त्यांना धम्म हवा होता. १९२२ मध्ये त्यांनी जातीवर स्वतंत्र पुस्तकही लिहिलं.

१९३४ साली नरसू गेले. बौद्ध धम्मावर चांगलं पुस्तक कोणतं, असं लोक बाबासाहेबांना विचारत, तेव्हा ते नरसूंचं नाव सांगत. १९४८ मध्ये मुंबईतून त्याची नवी आवृत्ती निघाली, तिला प्रस्तावना बाबासाहेबांची. पुढे १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' प्रसिद्ध झाला. पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा, हा प्रश्न त्यातही बाबासाहेबांनी सरळ उभा केला आहे.