महाद्वारी विसावलेले भक्तराज : संत चोखामेळा

आषाढ शुद्ध एकादशीचा पुण्यकाल समीप आला म्हणजे अवघ्या महाराष्ट्राचे चित्त चंद्रभागेच्या तीराकडे धाव घेते. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरील भाविकांची मात्र या दिवसांत मोठी ओढाताण होते. खारेपाटात भाताची लावणी, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आणि माथ्यावर अखंड कोसळणारा पर्जन्य, अशा स्थितीत घर सोडून पंढरीची वाट धरणे सर्वांना साधत नाही. कोणी देव्हाऱ्यातील मूर्तीवर तुळस वाहतो, तर कोणी कार्तिकात भरणाऱ्या वरसोलीच्या विठोबाच्या यात्रेची वाट पाहतो. दूर असल्यामुळे दर्शन न घडणे हे दुःख खरेच. परंतु ज्याच्या डोळ्यांसमोर मंदिराचे शिखर नित्य होते आणि तरीही ज्याला उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती, त्या भक्ताच्या दुःखाची जात वेगळी. त्या भक्तराजाचे, संत चोखोबांचे, पुण्यस्मरण आजच्या पर्वकाळी करू या.

चोखामेळा हे नामदेवरायांच्या काळातील संत. त्यांचा जन्म विदर्भातील मेहुणपुरीचा, असे परंपरा मानते. मात्र त्यांचा संसार आणि कष्ट घडले ते पंढरपुरापासून सुमारे २५ किलोमीटरवरील मंगळवेढ्यास. ज्या महार कुळात ते जन्मले, त्या कुळाच्या माथी गावाची राखण करणे, मेलेली गुरे ओढून नेणे, सांगावा पोहोचविणे आणि बोलावणे येईल तेव्हा वेठीस उभे राहणे ही कामे असत. गावाचे रक्षण करणाऱ्याने राहावयाचे गावकुसाबाहेर, आणि पोट भरावयाचे ते दारोदार मिळणाऱ्या उष्ट्या अन्नावर. अशा जिण्यात नामदेवरायांच्या कीर्तनाचा शब्द त्यांच्या कानी पडला आणि विठ्ठलनामाचा छंद जडला. नामदेवांना त्यांनी गुरू मानले.

पंढरपुरी येऊनही त्यांचे स्थान महाद्वाराच्या बाहेरच राहिले. आत टाळमृदंगाचा घोष चाले, काकडआरतीचा प्रकाश खांबाखांबांवर उजळे आणि चोखोबा ते सारे पायरीखालून ऐकत. या अवस्थेतून त्यांची अभंगवाणी जन्मास आली. आज त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आढळतात. त्यांत नामाचा महिमा आहे, पंढरीचे सुख आहे, विठ्ठलावरील निस्सीम प्रेम आहे. आणि त्याचबरोबर एका माणसाने देवापुढे मांडलेले गाऱ्हाणेही आहे. तुझ्या द्वारी येऊन मी मार का खावा, असे ते देवालाच विचारतात. सोवळे आणि ओवळे यांचा विचार करताना ते मुळालाच हात घालतात. ज्या पंचमहाभूतांचा देह सर्वांचा, ज्या मार्गाने सर्वांचा जन्म, तेथे एक पवित्र व दुसरा अपवित्र हा भेद कोठून आला, हा त्यांचा प्रश्न वेदान्ताच्या कोणत्याही पाठशाळेत मानाने मांडावा असाच आहे. आत्मा निर्लेप आहे, हा सिद्धान्त शास्त्री मुखाने सांगत होते. चोखोबा तो सिद्धान्त पायरीवर बसून खरा करून मागत होते.

त्यांच्या वाणीत दोन सूर आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोठे ते आपला हीन जन्म पूर्वकर्माचे फळ मानून नम्र होतात, तर कोठे त्या मान्यतेविरुद्ध कळवळून उठतात. आजच्या काही विचारवंतांना त्यांची विनवणी फार मवाळ वाटते. परंतु ज्या काळी तक्रार करणे हाच अपराध होता, त्या काळी आपले दुःख स्वतःच्या नावानिशी अभंगात गुंफणे याला केवढे धैर्य लागले असेल! राजदरबारी दाद नाही, धर्मपीठापुढे दाद नाही, ग्रामसभेत बसावयास जागा नाही. उरला तो केवळ विठ्ठल आणि त्याच्याशी बोलण्यापुरता शब्द. त्या शब्दालाच त्यांनी न्यायसभा केले.

हे धैर्य त्यांच्या एकट्याचे नव्हते. पत्नी सोयराबाई, भगिनी निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा हे सारेच अभंगकर्ते. देहाचा विटाळ मानता, तर विटाळावाचून कोणाचा देह घडला, हा सोयराबाईंचा प्रश्न ऐकून विद्वानही निरुत्तर व्हावा. कर्ममेळ्याची वाणी तर पित्याहून तिखट. उष्टे खाऊन जगण्यात कसले सुख, असे तो देवाला थेट विचारतो. एका झोपडीत पाच कवी नांदावेत आणि त्यांच्यापैकी एकालाही गाभाऱ्यात प्रवेश नसावा, असे दृश्य त्या काळाने पाहिले. त्याच काळाने आणखी एक गोष्ट पाहिली. जनाबाईंच्या नावावरील एका अभंगानुसार चोखोबांचे अभंग लिहून घेणारे अनंतभट्ट नावाचे ब्राह्मण होते. ज्याची सावली टाळावी असे शास्त्रार्थ सांगत, त्याच्या मुखातील अक्षरे एका ब्राह्मणाने आदराने उतरून घेतली.

चोखोबांच्या आख्यायिका भाविक कुटुंबांत सर्वांना ठाऊक आहेत. विठ्ठलाने त्यांना रात्री राउळात नेले आणि आपल्या गळ्यातील हार त्यांच्या गळ्यात घातला. सोयराबाईंच्या बाळंतपणात तो नणंदेचे रूप घेऊन झोपडीत राबला. चोखोबांना बैलांना जुंपून ओढण्याची शिक्षा झाली, तेव्हा त्याने बैल जागीच रोखून धरले. नदीपलीकडे घालवून दिल्यावर चोखोबांनी तेथे दीपमाळ उभारली आणि दुरूनच देवाला प्रकाश दाखविला. या कथा गोड आहेत, भक्तीला बळ देणाऱ्या आहेत. परंतु श्रोत्यांनी त्यांतील एक मर्म विसरू नये. प्रत्येक कथेत देव मंदिराबाहेर येतो. माणसे मात्र दार उघडत नाहीत. रात्री देवाने हार घातला, तरी सकाळी आळ येतो तो चोरीचाच. देवाची कृपा आणि समाजाचा न्याय यांतील हे अंतर चोखोबांनी जन्मभर सोसले आणि अभंगांतून नोंदवून ठेवले.

त्यांचा अंतही वेठीतच झाला. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांसह चोखोबा गाडले गेले. वैशाख वद्य पंचमी हा त्यांच्या पुण्यस्मरणाचा दिवस होय. ज्या कुसाच्या आत राहण्याचा त्यांना अधिकार नव्हता, तेच कूस बांधताना त्यांचा देह पडला. वार्ता कळताच नामदेवराय मंगळवेढ्यास गेले. दगडमातीच्या ढिगातील अस्थींमध्ये चोखोबांच्या अस्थी कोणत्या, हे कसे ओळखावे? ज्या अस्थींतून विठ्ठलनाम उमटले, त्या नामदेवांनी ओटीत घेतल्या, असे परंपरा सांगते. शिष्याच्या मृत्यूचा शोक गुरूने रडून संपविला नाही. त्यांनी त्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. पुढे १३५० मध्ये नामदेवरायांनी त्याच महाद्वाराची पायरी आपले विश्रांतिस्थान केले.

चोखोबांचा प्रश्न सहा शतकांनी आपल्या जिल्ह्यात पुन्हा उभा राहिला. १९८१ पासून ज्याला आपण रायगड म्हणतो, त्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, सावित्रीच्या काठी वसलेल्या महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो बांधवांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी ओंजळीने प्राशन केले. तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तरीही त्या दिवशी लोकांवर हल्ले झाले आणि पुढे पंचगव्याने तळ्याची शुद्धी करण्यात आली. न्यायालयाचा अंतिम निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. बाबासाहेबांचा मार्ग चोखोबांहून निराळा होता. विनवणीच्या जागी तेथे हक्काची भाषा होती. तरीही अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला १९४८ मधील ग्रंथ त्यांनी ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत नंदनार व रविदास यांच्यासमवेत चोखामेळा आहेत.

त्याच्या आदल्याच वर्षी, मे १९४७ मध्ये, कोकणातील पालगडचे सुपुत्र साने गुरुजी यांनी पंढरपुरी प्राणांतिक उपोषण आरंभिले. १ मे रोजी सुरू झालेले ते उपोषण दहाव्या दिवशी सुटले आणि विठ्ठलमंदिर सर्वांना खुले करण्याचा निर्णय झाला. चोखोबांच्या निधनास तेव्हा सहाशे नऊ वर्षे लोटली होती.

भाविकहो, पंढरीस जाणारा वारकरी आजही प्रथम चोखोबांच्या समाधीपुढे मस्तक ठेवतो, मग नामदेवांच्या पायरीला स्पर्श करतो आणि त्यानंतर आत जातो. दर्शनाचा हा क्रम ध्यानी धरावा. ज्याला आत जाऊ दिले नाही, त्याला वंदन केल्यावाचून आत जावयाचे नाही, असा त्याचा अर्थ आहे. ज्यांना यंदा वारी घडणार नाही, त्यांनी एकादशीच्या सायंकाळी देव्हाऱ्यापाशी बसून चोखोबांचा एक अभंग म्हणावा, सोयराबाईंचा एक म्हणावा, आणि आपल्या घराच्या उंबरठ्याबाहेर आजही कोणी थांबून राहिले आहे काय, हे दार उघडून पाहावे.