कृत्रिम रेतनाची सुरुवात कुत्रीपासून

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाय माजावर आली की काय करायचे ते शेतकऱ्याला ठाऊक असते. पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप जातो, द्रव नायट्रोजनच्या भांड्यातून रेतमात्रेची कांडी येते आणि पुढे गाय गाभण राहिली की उलटली याची तपासणीही होते. त्याच शेतकऱ्याने धानाच्या राखणीसाठी किंवा गुरांमागे फिरण्यासाठी पाळलेली चांगली कुत्री दोनदा नर दाखवूनही रिकामी राहिली, तर मात्र विचारायचे कोणाला हे कळत नाही. बहुतेक वेळा कुत्रीलाच वांझ ठरवून विषय संपतो. पण गायीसाठी आज गावोगाव पोचलेल्या कृत्रिम रेतनाचा सस्तन प्राण्यांमधील पहिला नोंदलेला यशस्वी प्रयोग एका कुत्रीवरच झाला होता. तो करणारे शास्त्रज्ञ म्हणजे इटलीचे लाझ्झारो स्पालान्झानी.

स्पालान्झानी यांचा जन्म जानेवारी १७२९ मध्ये उत्तर इटलीतील स्कांदियानो या गावी झाला. वडील वकील होते आणि मुलानेही वकील व्हावे अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी लाझ्झारो बोलोन्या विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांची नातेवाईक लॉरा बासी भौतिकशास्त्र शिकवत होती. विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या युरोपातील अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. तिच्या सहवासात त्यांना प्रयोगांची गोडी लागली आणि कायद्याची पुस्तके मागे पडली. पुढे त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली, पण आयुष्यभराचे काम विज्ञानाचेच राहिले. रेज्जो आणि मोदेना येथे शिकवून १७६९ मध्ये ते पाविया विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव येते ते मांसाच्या रश्शाच्या प्रयोगामुळे. सडक्या पदार्थांत सूक्ष्मजीव आपोआप जन्मतात, असे त्या काळी अनेक विद्वान मानत. स्पालान्झानींनी रस्सा काचेच्या चंबूत भरला, चंबूचे तोंड वितळवून बंद केले आणि तो बराच वेळ उकळला. आत काहीच वाढले नाही. १७६५ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संभाव्य कारणे एकेक करून बाजूला काढायची आणि उरलेल्याची परीक्षा घ्यायची, ही त्यांची रीत होती. प्रजननाच्या कोड्याकडेही ते याच रीतीने वळले.

मादीच्या अंड्यातून जीव कसा तयार होतो, याबद्दल तेव्हा नुसते तर्क चालत. नराच्या वीर्यातून निघणारी अदृश्य वाफच मादीला फळवते, असे काहींचे मत होते. बेडकांमध्ये मादीने घातलेल्या अंड्यांवर नर बाहेरून वीर्य सोडतो, त्यामुळे हा प्रकार डोळ्यांसमोर घडतो. स्पालान्झानींनी नर बेडकांना मेणकापडाच्या छोट्या चड्ड्या घातल्या. नर मादीला नेहमीसारखे बिलगले, पण एकाही अंड्यातून पिल्लू निघाले नाही. मग चड्डीत साचलेले थेंब त्यांनी दुसऱ्या ताज्या अंड्यांवर टाकले आणि त्यांतून बेडूकमासे निघाले. नुसती वाफ लागू दिलेली अंडी मात्र तशीच राहिली. वीर्याचा प्रत्यक्ष स्पर्श हवा, एवढे सिद्ध झाले.

हे सस्तन प्राण्यालाही लागू पडते का? त्यासाठी त्यांनी आधी पिल्ले दिलेली, मध्यम आकाराची एक स्पॅनियल कुत्री निवडली. कुत्री आधी व्यायलेली असल्यामुळे ती वांझ असण्याची शंका उरली नाही. माजावर येण्याच्या आधीच तिला एका खोलीत बंद केले. खोलीची किल्ली त्यांच्याकडे आणि खाणेपिणे देणारेही तेच. त्यामुळे एखादा नर चोरून आत गेला असेल, हीही शंका मिटली. तेराव्या दिवशी माजाची लक्षणे दिसू लागली. तरी त्यांनी घाई केली नाही. आणखी दहा दिवस थांबून, कुत्री नराला स्वीकारण्याच्या अवस्थेत आल्यावर, त्याच जातीच्या तरुण कुत्र्याचे वीर्य शरीराइतक्या कोमट केलेल्या पिचकारीने तिच्या गर्भाशयात सोडले. ६२ दिवसांनी कुत्री व्यायली. दोन नर आणि एक मादी अशी तीन पिल्ले झाली आणि ती रंगारूपाने आईसारखीही होती, बापासारखीही. १७८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी हे लिहिले. दोन वर्षांनी पिसा येथे रॉसी यांनी असाच प्रयोग यशस्वी केला.

वीर्यावरही त्यांनी बारकाईने काम केले. बर्फाने थंड केल्यावर त्यातील वळवळणारे जंतू निपचित पडतात आणि ऊब मिळाली की पुन्हा हलू लागतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. आज उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात कांड्या साठवताना हाच गुणधर्म कामी येतो. त्यांनी बेडकाचे वीर्य टीपकागदातून गाळूनही पाहिले. गाळून आलेल्या पातळ द्रवाने अंडी फळली नाहीत, पण कागदावर राहिलेला गाळ पाण्यात मिसळल्यावर फळली. म्हणजे उत्तर त्या गाळात, शुक्राणूंमध्ये होते. तरीही त्यांनी ते स्वीकारले नाही. मादीच्या अंड्यातच पुढचा जीव सूक्ष्म रूपात तयार असतो, असा त्यांचा पक्का समज होता आणि शुक्राणू त्यांना वीर्यात राहणारे बांडगुळी जीव वाटत. हातातला पुरावा एक सांगत होता, मन दुसरे धरून बसले होते. सस्तन प्राण्याचे अंडे पहिल्यांदा दिसले ते १८२७ मध्ये, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना, आणि तेही कुत्रीच्याच शरीरात. शुक्राणू आणि अंडे यांचे मीलन स्पष्ट व्हायला १८७६ साल उजाडावे लागले.

अखेरच्या वर्षांत स्पालान्झानींनी अंधारात न धडकता उडणाऱ्या वटवाघळांचा अभ्यास केला आणि त्यांना डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात हे ओळखले. फेब्रुवारी १७९९ मध्ये पाविया येथे त्यांचे निधन झाले. प्रोस्टेट ग्रंथी आणि मूत्राशयाच्या विकाराने ते त्रस्त होते. त्यांचे मूत्राशय पावियाच्या संग्रहालयात आजही जतन केलेले आहे.

भारतात गायीमध्ये कृत्रिम रेतन १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोठ्यात सुरू झाले. दुधाच्या अर्थकारणामुळे ते खेड्यापर्यंत आले, कुत्र्यांसाठी मात्र तशी व्यवस्था झाली नाही. तरी राखणीची, गुरांमागची किंवा वासावर काम करणारी कुत्री जोपासणाऱ्याला स्पालान्झानींची रीत आजही उपयोगी आहे: एकेक शंका तपासून बाजूला काढायची.

पहिली शंका वेळेची. कुत्रीचा माज साधारण तीन आठवडे चालतो आणि रक्त दिसू लागल्याबरोबर नर दाखवून उपयोग नसतो. कुत्रीची अंडी बाहेर पडल्यानंतर पक्व व्हायला दोन-तीन दिवस घेतात. म्हणून रक्त दिसलेला पहिला दिवस वहीत लिहून ठेवावा. योनीतील पेशींची काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर माज कोणत्या टप्प्यावर आहे ते कळते. त्याहून नेमकी चाचणी रक्तातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची. माणसांच्या रक्तचाचण्या करणाऱ्या अनेक प्रयोगशाळांतही ते मोजता येते, पण दर दोन-तीन दिवसांनी नमुना कधी घ्यायचा आणि आकड्याचा अर्थ काय, हे पशुवैद्यकानेच ठरवावे.

दुसरी शंका नराची. ही तपासणी स्वस्त आणि झटपट, तरी सर्वांत कमी केली जाते. दोन्ही वृषणे खाली उतरलेली आहेत का ते पाहायचे आणि ताज्या वीर्याचा थेंब कोमट काचेवर घेऊन शुक्राणूंची हालचाल, संख्या आणि आकार तपासायचा. कुत्र्याच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणून नवतप्यातल्या उन्हाचा किंवा जोराच्या तापाचा परिणाम पुढचे काही आठवडे दिसू शकतो. अशा वेळी एका वाईट अहवालावर नर बाद करू नये, दोन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

तिसरी शंका रोगाची. ब्रुसेला कॅनिस या जिवाणूमुळे कुत्री फळत नाही किंवा दिवस भरत आल्यावर गर्भ टाकते. हा संसर्ग माणसालाही होऊ शकतो. म्हणून नर आणि मादी दोघांची रक्तचाचणी संयोगाच्या आधी करावी आणि पडलेला गर्भ उघड्या हाताने उचलू नये. माज टाळण्यासाठी संप्रेरकाची इंजेक्शने देण्याने गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. माज संपल्यावर काही आठवड्यांत कुत्री फार पाणी पिऊ लागली, सुस्त झाली किंवा स्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सुरुवात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापासूनच करावी. पुढच्या तपासण्यांसाठी १९५८ मध्ये सुरू झालेले नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे पशुप्रजननाचा स्वतंत्र विभाग आहे. निघण्यापूर्वी फोनवर वेळ ठरवावी. सोबत माजाच्या तारखा, आधीच्या संयोगांच्या तारखा, दिलेली औषधे आणि लसींची नोंद न्यावी आणि शक्य असेल तर नरालाही घेऊन जावे. पिल्ले विकण्यासाठी पैदास करायची असेल, तर २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते.

मूल होत नाही म्हणून फक्त सुनेलाच डॉक्टरकडे नेणारी घरे अजून कमी नाहीत, आणि गोठ्यात, अंगणातही तोच न्याय लावला जातो. वीर्याच्या तपासणीला काही मिनिटे लागतात. कुत्री असो की माणूस, ती तपासणी होईपर्यंत मादीला दोष देऊ नये.